पाटीलबावा महादजी शिंदे : तलवार आणि तह

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पूर्वजाचे चरित्र लिहावे, अशी चालकांची इच्छा आम्हांस कळली, तेव्हा महादजी शिंदे यांचेच नाव प्रथम मनात आले. शाळेत इतिहास शिकवीत असता पानिपत म्हटले की मुले सावरून बसत आणि सालबाईचा तह म्हटला की खिडकीबाहेर पाहू लागत. दोष मुलांचा नव्हता. आम्ही तहाची कलमे पाठ करून घेतली. पण रणांगण गाजविलेला सेनापती तहाला का बसतो, हे कधी नीट उलगडून सांगितले नाही. ती उणीव आज थोडीबहुत भरून निघाली, तर आम्ही कृतार्थ होऊ.

महादजी हे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातील राणोजी शिंदे यांचे पुत्र. या घराण्याने स्वराज्यासाठी काय वेचले, याचा हिशेब मांडू जाता मन सुन्न होते. जयाप्पा 1755 मध्ये नागोर येथे मारले गेले. दत्ताजी 1760 च्या जानेवारीत दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर तुकोजी पडले आणि तरुण जनकोजींचाही त्याच संग्रामात अंत झाला. महादजी स्वतः पायास जबर जखम होऊन रानात पडले असता राणेखान नावाच्या एका मुसलमान भिस्त्याने त्यांना बैलावर घालून दक्षिणेत आणले. त्या उपकाराची आठवण त्यांनी जन्मभर ठेविली, राणेखानास भाऊ मानले आणि सेनापतिपदास चढविले. पाय मात्र कायमचा अधू झाला.

शौर्यात शिंदे कधीच उणे नव्हते. मग घराचे घर रणात का गेले? महादजींनी यावर पुष्कळ विचार केला असावा, असे त्यांच्या पुढील वर्तनावरून आम्हांस वाटते. उत्तरेत मराठे एकाकी पडले होते. रजपूत दुखावलेले, जाट दुरावलेले. मित्र न जोडता लढणाऱ्या सैन्याला शौर्य किती काळ पुरणार?

वारशाचा वाद बरीच वर्षे चालून अखेर 1768 मध्ये शिंद्यांची सरदारी त्यांच्याकडे आली. 1771 मध्ये मराठी फौजा दिल्लीत शिरल्या. बादशहा शहाआलम त्या वेळी अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयाने राहत होता. त्याला तेथून वळवून 1772 च्या जानेवारीत दिल्लीच्या तख्तावर बसविण्यात आले. तख्त फोडण्यापेक्षा तख्ताचा रक्षक होणे अधिक लाभाचे, हे धोरण येथे प्रथम दिसते.

पुढे इंग्रजांशी युद्ध जुंपले. 1779 च्या जानेवारीत वडगाव येथे मराठ्यांनी इंग्रजी फौजेस कोंडून शरण आणले. परंतु 1780 मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी घेतला व पुढल्या वर्षी माळव्यात महादजींना माघार घ्यावी लागली. हट्टाने झुंजत राहिले असते, तर उत्तरेतील सारे गमावले असते. त्यांनी युद्ध थांबविले, इतकेच नव्हे तर पुणे दरबार व इंग्रज यांच्यामधील मध्यस्थही तेच झाले. 17 मे 1782 रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पण पुरंदरच्या तहानंतर त्यांनी घेतलेला मुलूख परत मिळाला आणि राघोबादादांचा पक्ष त्यांनी सोडला. तहाचे जामीन स्वतः महादजी झाले. यानंतर वीस वर्षे मराठ्यांचे इंग्रजांशी युद्ध झाले नाही. हैदरअली त्या वेळी आपला दोस्त होता व त्याला बाजूस ठेवून केलेला तह नाना फडणविसांना रुचला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

1784 मध्ये बादशहाने वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद दिले, ते महादजींनी पेशव्यांच्या नावे घेऊन स्वतःकडे नायबी ठेविली. 1787 मध्ये लालसोटच्या मोहिमेत बादशाही पलटणी शत्रूस मिळाल्या व दिल्लीही हातची गेली. पण ते खचले नाहीत. 1788 मध्ये गुलाम कादराने शहाआलमचे डोळे काढले, तेव्हा मराठी फौजांनी दिल्ली घेऊन आंधळ्या बादशहास पुन्हा तख्तावर बसविले. द बॉयनने तयार केलेल्या कवायती पलटणींनी 1790 मध्ये पाटण व मेडता येथे जय मिळविले.

एवढे वैभव पायाशी असता 1792 मध्ये पुण्यास आल्यावर त्यांनी पेशव्यांचे जोडे हाती घेऊन आपण पाटील असल्याचे दाखविले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. काहींना त्यात नाटक दिसते. आम्हांस त्यात पाटीलकीचे मर्म दिसते. आमच्या अनसिंगसारख्या गावी पूर्वी बांधाचे भांडण पाटलाच्या ओट्यावर येई. पाटलाजवळ काठी असे, पण दोन्ही पक्ष समाधानाने घरी गेले तरच त्याची पाटीलकी खरी ठरे.

मात्र दिल्लीचा तंटा मिटविणाऱ्या या पुरुषास घरचा तंटा मिटविता आला नाही. नानांशी वितुष्ट राहिले. 1793 मध्ये लाखेरी येथे शिंदे व होळकर यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. 12 फेब्रुवारी 1794 रोजी वानवडी येथे महादजींचे देहावसान झाले.

त्या घरभेदाचे फळ आमच्या वऱ्हाडाने प्रत्यक्ष भोगले. 1802 मध्ये होळकरांनी पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांचा पराभव केला, पेशवे इंग्रजांकडे धावले आणि वसईचा तह झाला. 1803 मध्ये दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर अलग राहिले. असईनंतर 29 नोव्हेंबरास आपल्या वऱ्हाडातील अडगाव येथे पराभव झाला, डिसेंबरात गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा मुलूख निजामाकडे गेला. त्यात हा आपला वाशीमचा प्रदेशही आला. तलवारी तेव्हाही होत्याच. त्यांना एकत्र ठेवणारा पाटीलबावा उरला नव्हता.

आपल्या ज्ञातीच्या सभांतून पूर्वजांच्या तलवारीचे गुणगान होते, ते योग्यच आहे. पण त्याच सभेतून दोन भाऊ एकमेकांशी न बोलता घरी जातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तरुणांनी महादजींचे शौर्य जरूर आठवावे. त्याबरोबर वैऱ्याशीही बोलणे करण्याचा त्यांचा धीर घ्यावा, आणि जे त्यांना साधले नाही ते, म्हणजे घरातला सलोखा, आपण साधावा. त्यांच्या स्मृतीस याहून मोठे वंदन नाही.