पंचवीस सेंटचं तिकीट आणि काचेच्या पेटीतली बाळं



न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडच्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कोनी आयलंड पाहिलं असेल. समुद्र, रोलर कोस्टर, हॉट डॉग, सगळा जत्रेचा थाट. याच जत्रेत १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट तिकीट लावून दाखवली जायची. ती म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेली, काचेच्या पेटीत ठेवलेली जिवंत बाळं! आपल्याकडे दृष्ट लागेल म्हणून बारशापर्यंत बाळ कोणा परक्याला दाखवायला घरातली वडीलधारी मंडळी तयार नसतात. आणि इथे पंचवीस सेंट टाकले की कोणीही आत!

हा उद्योग करणाऱ्या गृहस्थाचं नाव मार्टिन कूनी. (कोनी आयलंडचा कूनी, हा निव्वळ योगायोग.) जन्म १८६९ सालचा, क्रोतोशिन नावाच्या गावी, ज्यू कुटुंबात. गाव तेव्हा प्रशियात होतं, आता पोलंडमध्ये आहे. मूळ आडनाव कोन. १८८८ साली तो अमेरिकेत आला. आपण लाइपझिग आणि बर्लिनला डॉक्टरकी शिकलो, पॅरिसच्या डॉ. पिएर ब्यूदँ यांच्या हाताखाली तयार झालो, असं तो पुढे सगळ्यांना सांगत असे. पण एकोणिसाव्या वर्षी बोटीतून उतरलेला मुलगा आधी दोन विद्यापीठं करून आला असेल, हे गणित काही जुळत नाही. त्याच्या डिग्रीचा पुरावा आजवर कोणालाही सापडलेला नाही. थोडक्यात, रेझ्युमे फुगवलेला होता. आमच्या आयटीवाल्यांना हा प्रकार नवा नाही!

काचेची पेटी मात्र त्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. पॅरिसच्या डॉ. स्तेफान तार्निए यांनी प्राणिबागेत कोंबडीची अंडी उबवण्याचं यंत्र पाहिलं आणि तसंच यंत्र बाळांसाठी करवून घेतलं. १८८० च्या सुमारास ते तिथल्या प्रसूतिगृहात आलं आणि दोन किलोच्या आतल्या बाळांचा मृत्युदर ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर उतरला. नुसत्या उबेने! त्यांचे शिष्य ब्यूदँ यांनी पुढे दाखवून दिलं की ही बाळं मुख्यतः तीन कारणांनी जातात: थंडी, दूध पोटात न जाणं आणि संसर्ग. इवल्याशा अंगावर चरबी जवळजवळ नसते आणि वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे बाळ भराभर गार पडतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आधी नीट बसत नाही, म्हणून आई जवळ असूनही बाळ उपाशी राहतं. आणि अशा अशक्त जिवाला साधी सर्दीही पुरते.

कूनी डॉक्टर असो वा नसो, या तीन गोष्टी तो कोळून प्यायला होता. त्याच्या पेट्यांत गरम पाण्याच्या नळीने ऊब राखली जाई, तापमानावर थर्मोस्टॅटचं नियंत्रण असे, बाहेरची हवा गाळून आत येई. पगारी दूध-आया ठेवलेल्या होत्या. त्यांच्यापैकी कोणी बाहेरचा हॉट डॉग खाताना दिसली तर नोकरी गेलीच म्हणून समजा. जे बाळ चोखू शकत नसे त्याला बारीक चमच्याने नाकावाटे थेंब थेंब दूध पाजलं जाई. नर्सेस कडक इस्त्रीच्या कपड्यांत, प्रेक्षक कठड्यापलीकडे. तमाशाही होताच. बाळ किती लहान आहे हे दिसावं म्हणून नर्स आपली अंगठी त्याच्या हातात बांगडीसारखी सरकवून दाखवायची.

आणि आईबापांकडून एक पैसाही घेतला जात नसे! एका बाळाचा दिवसाचा खर्च साधारण १५ डॉलर, तो तिकिटांतून निघे. त्या काळी बहुतेक हॉस्पिटलांत अशा बाळांसाठी ना पेटी होती ना नर्स, आणि दुबळ्यांना जगवून उपयोग काय, असं मानणारे शिकलेले लोकही भरपूर होते. १९२० साली जन्मलेल्या एका जुळ्यातली एक मुलगी गेली, दुसरीचीही आशा नाही असं हॉस्पिटलने सांगितलं. बापाने तिला टॉवेलात गुंडाळलं, टॅक्सी केली आणि थेट कोनी आयलंड गाठलं. ती २०१७ पर्यंत, ९६ वर्षं जगली.

आपण सुमारे ८००० बाळं घेतली आणि ६५०० जगवली, असा कूनीचा हिशोब होता. इथे माझ्यातला इंजिनियर अडतो. जी बाळं जन्मल्यावर काही तासांतच गेली, टॅक्सीपर्यंतही पोचली नाहीत, ती या आकड्यांत नाहीतच. ज्यांची फुप्फुसं तयार नव्हती त्यांच्यासाठी तर कूनीकडे काहीच इलाज नव्हता. तो कोणाकडेच नव्हता. १९६३ साली प्रेसिडेंट केनेडींचा मुलगा साडेपाच आठवडे लवकर जन्मला आणि त्याच विकाराने ३९ तासांत गेला. तरीही, जी बाळं कूनीच्या दारात आली त्यांच्यासाठी बहुतेकदा दुसरं दार नव्हतं, हे विसरून चालणार नाही.

बाळांचा बाजार मांडला म्हणून बालसंरक्षण संस्थांनी त्याच्यावर टीका केली. मे १९११ मध्ये तिथल्या ड्रीमलँड पार्कला भीषण आग लागली, पण बाळं सुखरूप बाहेर काढली गेली. त्याची स्वतःची मुलगी हिल्डगार्ड १९०७ मध्ये दिवसांआधी जन्मली, तिलाही त्याने याच पेटीत ठेवलं, आणि मोठी झाल्यावर ती नर्स म्हणून त्याच्याच कामात आली.

खऱ्या डॉक्टरांपैकी शिकागोचे डॉ. ज्यूलियस हेस त्याच्यामागे उभे राहिले. १९२२ साली या बाळांवर ग्रंथ लिहिताना त्यांनी कूनीचे आभार मानले, आणि १९३३-३४ च्या शिकागो जागतिक मेळ्यात दोघांनी मिळून प्रदर्शन चालवलं. शेजारच्या मंडपात पंख्यांचा उत्तान नाच, इकडे काचेतली बाळं! १९३४ च्या जुलैत आदल्या वर्षीच्या ५८ पैकी ४१ बाळांचं स्नेहसंमेलन तिथेच भरलं. पुढच्याच वर्षी शिकागोने अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी शहरभराची योजना आखली.

१९३९-४० च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात मात्र कूनीचे पैसे बुडाले. आपल्या पेट्या त्याने शहराला फुकट देऊ केल्या, शहराने घेतल्या नाहीत. १९४३ साली न्यूयॉर्कच्या कॉर्नेल हॉस्पिटलात अशा बाळांसाठी खास विभाग उघडला, आणि आपलं काम झालं म्हणत त्याने दुकान बंद केलं. १ मार्च १९५० रोजी तो कोनी आयलंडच्या घरी वारला. तेव्हा त्याच्याजवळ फारसे पैसे उरलेले नव्हते.