बिशप बार्तोलोमे दे लास कासास

सोळाव्या शतकात स्पेनच्या अमलाखाली गेलेल्या नव्या खंडात तेथील मूळ रहिवाशांची व त्यांच्या शेतारानांची काय गत झाली, याचा बराचसा वृत्तांत एका धर्मगुरूच्या लेखणीने आपणांस दिला आहे. त्यांचे चरित्र या महोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. मात्र त्यांस निष्कलंक पुरुष म्हणून रंगविण्याचा आमचा हेतू नाही.

त्यांचा जन्म १४८४ साली सेव्हिल शहरी झाला. वडील व्यापारी, ते १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत गेले होते. मुलगा १५०२ साली हिस्पानिओला बेटावर उतरला, आणि पुढे त्याने गुरुदीक्षा घेतली. तथापि दीक्षेनंतरही त्यांच्या पदरी जमीन होती व तीवर वेठीस धरलेले टायनो लोक राबत होते. गावेच्या गावे एकेका स्पॅनिश माणसाच्या हवाली करावयाची, त्याने लोकांस धर्म शिकवावा व लोकांनी त्याचे काम करावे, असा हा एन्कोमिएन्दा नावाचा रिवाज. शिकवणे बहुधा कागदावर राही. काम मात्र खरे होते.

टायनो लोक मातीचे उंचवटे रचून त्यांत कसावा लावीत. आपल्या घरी उपवासाला साबुदाणा होतो तो याच कंदाचा, व त्याचे मूळ त्याच खंडातले. या मळ्यांना कुंपण घालण्याची कधी गरजच पडली नव्हती. स्पॅनिशांनी आणलेली डुकरे व गुरे मोकाट सुटली आणि त्यांनी ते उकरून व तुडवून टाकले. धडधाकट पुरुष महिनोन्महिने नद्यांच्या वाळूत सोने धूत राहिले. मागे लावणी करावयास कोणी उरले नाही. भूक आली, पाठोपाठ रोग आले. १५०८ साली त्या बेटावर सुमारे ६० हजार मूळ रहिवासी उरले होते, १५१४ च्या वाटणीत सुमारे २६ हजार. आणि देवीची मोठी साथ तर त्यानंतर, १५१८ च्या अखेरीस आली. बहामा बेटांतील लोक धरून नेऊन कुबाग्वा येथे मोत्यांसाठी पाण्यात बुडविले गेले. ती बेटे ओस पडली, आणि काही दशकांतच कुबाग्वाचे शिंपलेही संपले.

१५११ च्या आगमनकाळात डोमिनिकन संघाचे फादर मोंतेसिनोस यांनी सांतो दोमिंगो येथे या जुलमावर कडक प्रवचन केले, परंतु लास कासास यांनी आपले राबते लोक सोडले नाहीत. १५१४ मध्ये क्युबात पेंटेकॉस्टच्या सणाचे प्रवचन तयार करीत असता बेनसिराच्या ग्रंथातील ३४ वा अध्याय त्यांच्यासमोर आला. गरिबाला नाडून मिळविलेले अर्पण देवास मान्य नाही, असा त्याचा आशय. काही दिवस त्यांनी विचार केला व आपले सर्व लोक मोकळे केले. प्रवचन लिहावयास बसलेल्या धर्मगुरूने ते आधी स्वतःस लागू करावे, हे आम्हां प्रवचनकारांकडून समजले जाते तितके नित्य घडत नाही.

पुढे स्पेनच्या दरबारी त्यांच्या खेपा सुरू झाल्या. १५१६ साली मूळ रहिवाशांचे रक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. मात्र याच सुमारास या लोकांचे ओझे हलके व्हावे म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणावेत असे त्यांनी सुचविले. हा डाग मोठा आहे. तो व्यापार त्यांनी सुरू केला नव्हता हे खरे; परंतु एका माणसाची मान सोडविण्यास दुसऱ्याची पुढे करणे न्याय्य नव्हे, हे त्यांस उशिरा उमगले व तो पश्चात्ताप त्यांनी लिहून ठेवला.

१५२२ साली ते डोमिनिकन संघात शिरले. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी या लोकांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेऊ नये असे जाहीर केले, व १५४२ मध्ये राजाने नवे कायदे केले. १५४४ साली चियापासचे बिशप म्हणून अभिषेक झाल्यावर लास कासास यांनी आज्ञा केली की, जो आपले गुलाम सोडणार नाही त्यास पापक्षमा मिळणार नाही. आपल्याच श्रद्धावंतांना हे सांगणे कठीण. गावात दंगा उसळला, आणि १५४६ मध्ये त्यांस धर्मप्रांत सोडावा लागला.

वाय्यादोलिद येथे १५५० व १५५१ मध्ये पंडित सेपुल्वेदांशी त्यांचा वाद झाला. पंचांनी निवाडा दिलाच नाही. त्यांनी दिलेले मृतांचे आकडे फुगविलेले आहेत असे पुष्कळ विद्वान मानतात. घडलेला प्रकार मात्र इतर साक्षींनीही सिद्ध होतो. १८ जुलै १५६६ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. आपला इंडीजचा इतिहास चाळीस वर्षे छापू नये, असे सांगून त्यांनी तो वाय्यादोलिदच्या सान ग्रेगोरिओ विद्यालयाच्या स्वाधीन केला होता. तो छापला जाण्यास १८७५ साल उजाडले.