उदयशंकर आणि त्यांची ‘कल्पना’

चित्रकार व्हावयास विलायतेस गेलेला एक तरुण जगप्रसिद्ध नर्तक होऊन परतला, ही उदयशंकरांची कथा होय. त्यांचा जन्म ८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूर येथे एका बंगाली कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व गांधर्व महाविद्यालयात काही काळ शिकून १९२० साली ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा हिच्याशी त्यांची गाठ पडली. तिच्यासाठी १९२३ साली त्यांनी ‘राधाकृष्ण’ व ‘हिंदू विवाह’ ही नृत्ये बसविली आणि पहिल्यात ते स्वतः कृष्ण झाले. तोवर कोणा गुरूपाशी त्यांनी नृत्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते! जुन्या मूर्तींची व चित्रांची ढब त्यांनी चित्रकाराच्या नजरेने टिपली होती, एवढीच काय ती शिदोरी. शास्त्रशुद्धतेचे अभिमानी यावरून त्यांस नावे ठेवीत. परंतु उदयशंकरांनी पुढे शंकरन् नंबुद्री यांच्यापाशी कथकळीचे धडे घेतले, हेही सांगितले पाहिजे.

१९३१ पासून त्यांच्या पथकाने युरोप-अमेरिका गाजविली. पथकाचे संगीतकार विष्णुदास शिराळी हे पलुस्करांचे शिष्य. मिळालेल्या कीर्तीच्या बळावर उदयशंकरांनी हिमालयात अल्मोडा येथे कलाकेंद्र उभारले. कथकळी, भरतनाट्यम्, मणिपुरी आणि संगीत यांचे थोर गुरू तेथे एकाच छताखाली शिकवीत. पुढे चित्रपटसृष्टीत नाव काढणारा गुरुदत्त तेथलाच विद्यार्थी. (त्याच्या घरची भाषा कोकणी; आम्हां कोकणी भाषकांस याचे अंमळ कौतुक!) पण महायुद्धाच्या काळात पैसा आटला आणि १९४४ साली केंद्र बंद पडले.

आता एवढ्या वर्षांत रचलेली नृत्ये उरायची कशी? उदयशंकरांनी ती चित्रपटात ओतण्याचे ठरविले. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत ‘कल्पना’ तयार होऊन १९४८ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक तेच, नायक तेच. नायिका त्यांच्या पत्नी अमला. रंगमंचावरचे नृत्य कॅमेऱ्यापुढे जसेच्या तसे ठेवून ते थांबले नाहीत. छाया, उजेड व कॅमेऱ्याचा कोन यांनाही त्यांनी नृत्यरचनेत सामील करून घेतले. कामगारच यंत्राचे भाग होऊन हलतात, ते नृत्य आजही पाहणाऱ्यास थक्क करते. कथानक मात्र सैल आहे. त्यातील लेखक आपली कथा एका निर्मात्यास ऐकवितो आणि निर्माता ती नाकारतो. दैव असे, की खऱ्या ‘कल्पने’सही तिकीटबारीवर यश लाभले नाही.

१९७१ साली उदयशंकरांना पद्मविभूषण मिळाले. २६ सप्टेंबर १९७७ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. ‘कल्पना’ दीर्घकाळ दुर्मीळच राहिला. पुढे जीर्ण फिती दुरुस्त करून तो २०१२ साली फ्रान्समधील कान महोत्सवात पुन्हा दाखविण्यात आला, तेव्हा वयोवृद्ध अमलाबाई तेथे जातीने उपस्थित होत्या.