कै. बाळू पालवणकर आणि भायखळा-परळची निवडणूक

कै. बाळू पालवणकर यांचे नाव क्रिकेटच्या इतिहासात अजरामर झाले आहे. परंतु चेंडूफळीचे मैदान सोडल्यानंतर त्यांनी सार्वजनिक जीवनात जे पाऊल टाकले, त्याचे स्मरण आपल्या ज्ञातिबांधवांत क्वचितच होते. म्हणून त्यांच्या चरित्रातील हा भाग येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

19 व्या शतकाच्या शेवटच्या चरणात धारवाड येथे चर्मकार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील लष्करात चाकरीस होते. पुण्यास पारशी मंडळींच्या क्लबात मैदान झाडण्या-लोटण्याचे काम बाळूंनी महिना 3 रुपयांवर पत्करले. पुढे युरोपियनांच्या क्लबात ग्रेग साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी सिद्ध झाली. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले खरे. परंतु ज्या हातचा चेंडू सर्वांस चालत होता, त्या हाताला चहा मात्र वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळे. 1906 मध्ये मुंबईस हिंदूंनी युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 गडी बाद केले. दौऱ्याहून परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या मानपत्राच्या कामात तरुण भीमराव आंबेडकर यांचा पुढाकार होता, असे नमूद आहे. एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी लाभले नाही. तो मान 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला.

24 सप्टेंबर 1932 रोजी झालेल्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत बाळू होते. या कराराने दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्याऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत 148 जागा राखीव झाल्या आणि त्यांची अंतिम निवड संयुक्त मतदारसंघातून व्हावी, असे ठरले. राखीव जागेवरचा प्रतिनिधी कोण, हे ठरविण्यात स्पृश्य मतदारांचाही हात राहणार होता. या रचनेची खरी कसोटी 1937 मध्ये लागली.

मुंबई शहरातील भायखळा-परळ हा गिरण्यांचा व चाळींचा भाग. तेथील राखीव जागेसाठी स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. आंबेडकर उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध बाळूंना उभे केले. ज्यांच्या पराक्रमाचा अभिमान आंबेडकरांनी तरुणपणी बाळगला, त्यांच्याशीच सामना करण्याचा प्रसंग आला. पैलवान दोघेही आपलेच; कोणाच्या पाठीशी उभे राहावे, हा प्रश्न अनेक घरांत बिकट झाला असेल. एकीकडे स्वतंत्र राजकीय सामर्थ्याचा आग्रह, तर दुसरीकडे हिंदू समाजात राहूनच अस्पृश्यता नष्ट व्हावी ही आस. फेब्रुवारीत मतदान झाले. डॉ. आंबेडकरांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते पडली. 2,020 मतांचा हा फरक लहान नव्हे, तसा अपमानास्पदही नव्हे. विजयी उमेदवाराने त्याच वर्षी सप्टेंबरात खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले.

या पराभवावरून बाळूंना काँग्रेसच्या हातचे बाहुले ठरविणे अन्यायाचे होईल. संयुक्त मैदानावर एकत्र खेळूनच भेद मोडतात, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. त्याच अनुभवाने ते मतपेटीपुढे आले. उलटपक्षी, मैदानावरचा जयघोष ओसरल्यानंतर पंगत वेगळीच राहते, हेही त्यांच्याच जीवनाने दाखविले, आणि डॉ. आंबेडकरांच्या मताला त्यातून बळ मिळते. एका माणसाच्या चरित्रात दोन्ही बाजूंचे पुरावे सापडावेत, हेच त्याचे मोठेपण होय.

1955 च्या जुलैत मुंबईस त्यांचे निधन झाले. मतभेद असूनही परस्परांचा मान राखावा, हा धडा या थोर ज्ञातिपुत्राच्या चरित्रातून आपल्या तरुणांनी अवश्य घ्यावा.