तेरा हजार पुरुषांच्या हृदयाचा हिशेब

हृदयविकाराच्या झटक्याला पूर्वी बरेच डॉक्टरही वयाचा किंवा नशिबाचा भाग समजत. झटका यायच्या आधीच धोका ओळखता येतो, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. हा बदल घडवणाऱ्यांमध्ये अँसेल कीज हे नाव फार वरचे आहे.

कीज यांचा जन्म २६ जानेवारी १९०४ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे झाला. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते. त्यांनी आधी जीवशास्त्रात आणि नंतर केंब्रिजमध्ये शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९३५ मध्ये चिलीतील अँडीज पर्वतावर जाऊन विरळ हवेचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्यांनी अभ्यासले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना मिळणारी ‘के-रेशन’ ही शिधापाकिटे त्यांच्याच कामातून आली. युद्धाच्या अखेरीस त्यांनी ३६ स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून उपासमारीचे शरीर-मनावरचे परिणाम नोंदवले. मिनेसोटा विद्यापीठातली त्यांची प्रयोगशाळा फुटबॉल स्टेडियमच्या खाली होती.

युद्धानंतर त्यांना एक विसंगती खटकू लागली. युरोपात अन्नाची टंचाई असताना हृदयविकाराचे मृत्यू कमी झाले होते. उलट अमेरिकेत खाऊनपिऊन सुखी असलेले मध्यमवयीन अधिकारी आणि व्यापारी अचानक दगावत होते. म्हणून १९४७ मध्ये त्यांनी मिनेसोटातील सुमारे २८० निरोगी व्यावसायिक पुरुष निवडले आणि दरवर्षी त्यांची तपासणी सुरू केली. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळे नोंदवायचे आणि मग वाट पाहायची, ही त्यांची पद्धत. रोग झाल्यावर कारण शोधू गेले की रुग्णाची आठवण आणि डॉक्टरांचा पूर्वग्रह दोन्ही आड येतात. आधी नोंद आणि मग निकाल असा क्रम ठेवला की ही गल्लत टळते.

१९५० च्या दशकात कीज नेपल्सला गेले. तिथल्या कष्टकऱ्यांमध्ये हृदयविकार क्वचितच आढळे, आणि त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉलही कमी होते. आहारातली चरबी, कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांची साखळी कीज यांनी मांडली. १९५५ मध्ये जिनिव्हातल्या एका बैठकीत ज्येष्ठ डॉक्टरांनी तिच्यावर कठोर प्रश्न विचारले. वेगवेगळ्या देशांच्या सरकारी आकड्यांवर बेतलेला पुरावा कच्चा होता, हे खरेच होते.

याला उत्तर म्हणून १९५८ मध्ये ‘सात देशांचा अभ्यास’ सुरू झाला. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान येथील ४० ते ५९ वयाचे १२,७६३ पुरुष त्यात होते. सगळीकडे तपासणीची पद्धत एकच ठेवली. पूर्व फिनलंडमध्ये हृदयविकाराचे मृत्यू सर्वाधिक, तर ग्रीसच्या क्रीट बेटावर सर्वांत कमी निघाले. पूर्व फिनलंडचे पुरुष जंगलात आणि शेतात अंगमेहनत करणारे होते, पण लोणी आणि साय भरपूर खात. क्रीटमध्येही तेल कमी नव्हते. मात्र ते ऑलिव्हचे होते, आणि ताटात भाज्या, कडधान्ये, फळे असत. म्हणजे प्रश्न केवळ चरबी किती हा नव्हता, ती कोणती हाही होता. रक्तदाब आणि धूम्रपान यांचा वाटाही स्पष्ट झाला. पुढे फिनलंडने १९७२ पासून उत्तर कारेलियात लोकांचा आहार आणि सवयी बदलण्याची मोहीम घेतली आणि तिथले हृदयविकाराचे मृत्यू पुष्कळ घटले. अभ्यासातले जे पुरुष म्हातारे झाले, त्यांच्यावर काही देशांत वार्धक्याचेही संशोधन झाले.

कीज यांच्यावरची टीका अजून थांबलेली नाही. देश सरसकट निवडलेले नव्हते, स्त्रिया नव्हत्या, आणि साखरेचा दोष त्यांनी फारसा मानला नाही. शिवाय अशा अभ्यासातून दोन गोष्टींचा संबंध दिसतो; एकीमुळेच दुसरी घडली, हे तेवढ्याने सिद्ध होत नाही. हे आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. भारतही त्या सात देशांत नव्हता, त्यामुळे तिथले आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांबद्दलचा मुख्य निष्कर्ष पुढच्या अनेक अभ्यासांत टिकला आहे. आज केसपेपरवर आम्ही ‘बीएमआय’ लिहितो. उंची-वजनाचे ते जुने गणित बेल्जियमच्या केतले यांचे. त्याला हे नाव कीज आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिले.

निवृत्तीनंतर पत्नी मार्गारेट यांच्यासह ते इटलीतील पियोप्पी या किनाऱ्यावरच्या गावात बरीच वर्षे राहिले. २० नोव्हेंबर २००४ रोजी, वयाची शंभरी ओलांडून, त्यांचे निधन झाले. त्यांचे दीर्घायुष्य हा त्यांच्या आहाराचा पुरावा म्हणून अनेकदा सांगितले जाते. बाह्यरुग्ण विभागात आम्हालाही उलट्या बाजूने तेच ऐकू येते: आजोबा विड्या ओढत नव्वदीपर्यंत जगले, मग मला काय होणार? एका माणसाच्या वयावरून काहीच सिद्ध होत नाही, ना कीज यांच्या, ना आजोबांच्या. तेरा हजार माणसांची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी लागली, ती याचसाठी. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाने आजोबांचे वय सांगण्यापेक्षा स्वतःचा रक्तदाब मोजून घ्यावा.