लोणीची पतपेढी आणि चौथी शिकलेला शेतकरी

मृग जवळ आला की कळंब असो, भूम असो का परंडा, घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. बियाण्याची पिशवी, खताचं पोतं, त्याला लागणारे चार पैसे आणायचे कुणाकडून? रक्कम तशी लहान. पण ती वेळेवर मिळाली नाही की माणूस सावकाराची पायरी चढतो, आणि पुढं जमीन जाते ती तिथूनच. हे शंभर वर्षांपूर्वी ज्यानं ओळखलं, त्या विठ्ठलराव विखे पाटलांची ही हकीगत.

त्यांचं नाव तुम्ही साखर कारखान्यामुळं ऐकलं असेल. कारखाना फार नंतरचा. विठ्ठलरावांचा जन्म १८९७ सालचा, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या लोणी बुद्रुकचा. शिक्षण चौथीपर्यंत. घरची शेती, आणि आजूबाजूला कर्जात बुडालेली गरीब कुळवाडी माणसं. पेरणीला धान्य न्यायचं ते सवाई-दिढीनं, म्हणजे मणाला सव्वा किंवा दीड मण परत. रोख घेतली तर व्याज फिटता फिटत नसे. कागदावर काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला कळत नसे.

१९२३ साली विठ्ठलरावांनी गावात सहकारी पतपेढी काढली. सहकारी पतसंस्थांचा कायदा इंग्रज सरकारनं १९०४ सालीच केला होता, पण कायदा कागदावर असणं आणि गावानं पैसे एकत्र ठेवणं यात फार अंतर! त्या काळी खेड्यातल्या अशा पतपेढ्यांत सभासदांची जबाबदारी अमर्याद असायची. एकानं बुडवलं तर भार सगळ्यांवर. त्यामुळं कर्ज मागणाऱ्याची शेती किती, तो कष्टाळू का उधळ्या, पैसा बियाण्याला जाणार का लग्नाला, हे शेजाऱ्यालाच पाहावं लागे. तलाठ्याच्या उताऱ्यापेक्षा ही पारख पक्की, असं आमचं मत. वसूल झालेला पैसा दुसऱ्याच्या पेरणीला जाई, म्हणून वसुलीत भीडभाड परवडत नसे. आपल्याकडं कित्येक सोसायट्या बसल्या त्या इथंच.

पतपेढीमुळं लोकांना एकत्र पैसा सांभाळायची सवय लागली, ती पुढं उपयोगी पडली. प्रवरेच्या कालव्यावर ऊस होता, पण गुळाचा भाव व्यापाऱ्याच्या हातात. विठ्ठलराव गावोगाव हिंडले, शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० साली प्रवरेचा कारखाना सुरू झाला. १९६१ साली विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. १९८० साली ते वारले.

आपला जिल्हा तेव्हा, १९४८ पर्यंत, निजामाच्या राज्यात होता. तरी लोणीची ती रीत आपल्या बायाबापड्यांनी वेगळ्या वाटेनं उचलली. १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात महिलांचे बचतगट उभे राहिले. दरमहा थोडी बचत, त्यातूनच शेळीला, शिलाई मशीनला, दवाखान्याला उसनवारी, आणि हप्ता सगळ्यांसमोर.

गावात कुणाची जमीन बेकायदा सावकारानं लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो. ग्रामसेवक आणि गटसचिवांनी एवढं तरी चावडीवर वाचून दाखवावं. पेरणीच्या आधी.