सुभेदार रामजी सकपाळ : पलटणीनंतरचे आयुष्य

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असा मंडळाच्या चिटणिसांचा निरोप आला, तेव्हा आमच्या मनात प्रथम सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचेच नाव उभे राहिले. त्यांचे चिरंजीव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी ग्रंथांवर ग्रंथ झाले. पित्याचा उल्लेख त्यांत आरंभीच्या दोन-चार पृष्ठांत येतो आणि संपतो. सैन्यातून निवृत्त झालेल्या मनुष्याचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्या सभासद कुटुंबांतही अनेक घरी नित्याचा आहे. आज पेन्शन घेतलेल्या जवानास, अटी पुऱ्या होत असल्यास, डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये भरती होऊन पुन्हा गणवेश चढविता येतो, आणि त्याच्या मुलास भरतीच्या रांगेत उभे राहण्यास जात आड येत नाही. रामजींच्या काळी या दोन्ही वाटा बंद होत होत्या. त्यांच्या उत्तरायुष्याचा विचार या दृष्टीने फारसा झालेला नाही, म्हणून हा प्रयत्न.

सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून या घराण्याने वंशपरंपरागत गावकी सोडून पलटणीची वाट धरली होती. रामजींचे वडील मालोजी हे सैनिक. पत्नी भीमाबाई या ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकरांच्या कन्या, आणि त्यांचे वडीलही लष्करात अधिकारपदावर होते. अशा घरांत मूल छावणीत जन्मावे, छावणीच्या शाळेत शिकावे, वयात येताच त्याने पलटणीत नाव घालावे आणि पेन्शन घेऊन निघताना आपल्या मुलास तेथे ठेवावे, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. गावात ज्यास सावली पाडण्याची चोरी, त्यास छावणीत हुद्दा, पगार आणि अक्षरओळख मिळे. यांतील अक्षरओळख सर्वांत मोलाची, हे आम्ही शिक्षक म्हणून अभिमानाने सांगतो. त्या काळच्या सैन्यात शिपायांच्या व त्यांच्या मुलामुलींच्या शिक्षणाची सक्तीची व्यवस्था होती. रामजी स्वतः पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून शिक्षक होऊन निघाले आणि सुमारे १४ वर्षे त्यांनी लष्करी शाळेत मुख्याध्यापकाचे काम केले. सुभेदार हा त्यांचा हुद्दा, परंतु पेशाने ते आमच्याच व्यवसायातले होते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांच्या धाकट्या पुत्राचा, भीमरावांचा, जन्म झाला. त्यानंतर थोड्याच काळात सुभेदार पेन्शनीत निघाले. नेमक्या याच सुमारास सरकारचे धोरण पालटले. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले फ्रेडरिक रॉबर्ट्स यांचा असा ग्रह होता की, लढाऊपणा काही ठरावीक जातींच्या रक्तातच असतो आणि त्या जाती बहुतेक उत्तरेकडच्या. पलटणी जातवार लावण्यात येऊ लागल्या, आणि १८९२-९३ च्या सुमारास महार समाजास सैन्यभरतीतून वगळण्यात आले. ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरेगावच्या जयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांत सरकारनेच कोरविली, त्यांना ७५ वर्षांनी सरकारनेच लढाऊ नाही असे ठरविले! पेन्शनीत गेलेल्यांच्या जागी त्यांची मुले आली नाहीत.

या एका हुकुमाने निवृत्त सैनिकाच्या आयुष्यात काय फरक पडला, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्याची पेन्शन चालू राहिली, हे खरे. परंतु त्या काळी पेन्शन ही व्यक्तीची असे, घराण्याची नसे. ती घेणारा मनुष्य डोळे मिटी त्या दिवशी घरातली सरकारी आवक थांबे. मुलास पलटण मिळत असेल तर ही चिंता उरत नाही. ती मिळणार नसेल, तर छावणीत वाढलेल्या, लिहिता-वाचता येणाऱ्या, ताठ चालणाऱ्या मुलास पुन्हा त्याच गावकीत उभे राहण्याची पाळी येते. रामजींनी हे ओळखले होते. या बंदीविरुद्ध त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्या साह्याने अर्ज करविल्याचे चरित्रकारांनी नोंदविले आहे. दापोलीस स्थायिक झालेले पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनीही १८९४ मध्ये असाच अर्ज सिद्ध केला होता. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. रामजींच्या हयातीत दार उघडले नाही. महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि १९२१ मध्ये मोडण्यातही आली. महार रेजिमेंट कायमची उभी राहण्यास १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला.

निवृत्त होताच सुभेदारांनी दापोलीस बिऱ्हाड केले. पेन्शन दरमहा ५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे, परंतु घरही लहान नव्हते. दापोलीत त्यांचे मन रमले नाही, आणि त्यांनी साताऱ्यास सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची जागा पत्करली. साताऱ्यातच भीमाबाईंचे निधन झाले. पुढे दुष्काळग्रस्तांस काम देण्यासाठी खटाव तालुक्यात गोरेगाव येथे सरकार तलाव खोदवीत होते, तेथे ते खजिनदार म्हणून गेले. मजुरीच्या रकमेचा हिशेब ठेवण्यास विश्वासू माणूस पाहिजे असे, आणि सुभेदाराची जबान व अक्षर या दोहोंचाही सरकारास भरवसा होता.

१९०१ च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुटीत मुले वडिलांस भेटावयास निघाली. मसूर स्टेशनवर न्यावयास कोणी आले नव्हते, कारण मुलांचे पत्र शिपायाकडून सुभेदारांस वेळेवर पोचलेच नाही. मुलांची जात कळताच गाडीवाले मागे सरले. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण बाजूने चालत यावे. रात्रभर त्यांस पाणी मिळाले नाही. ज्या सुभेदारास छावणीत शिपाई सलाम करीत, त्याच्या मुलांची वीस-पंचवीस वर्षे नोकरीनंतर मुलुखात ही किंमत! सुभेदारास त्या रात्री काय वाटले असेल, हे लिहिण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या चाळीत राहिले. थोरल्या मुलांचे शिक्षण पुरे होऊ शकले नाही. आनंदराव रेल्वेच्या कारखान्यात कामास लागले. पलटण नसल्यावर बुद्धिमान मुलासही कारखाना, हेच तेव्हाचे गणित होते. धाकट्याच्या बाबतीत मात्र सुभेदारांनी हे गणित मान्य केले नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला आणि हॉवर्डची इंग्रजी पुस्तके त्यांनी भीमरावांकडून घोटून घेतली. (तर्खडकरांची एक जीर्ण प्रत आमच्या आजोबांच्या ट्रंकेत होती. ती ज्याने मनापासून केली, त्याचे इंग्रजी कच्चे राहिल्याचे आम्ही पाहिले नाही.) खोली एकच, मुलास लवकर निजवून पित्याने जागे राहावे आणि रात्री दोनला त्यास अभ्यासास उठवावे, असा शिरस्ता होता. उशाशी जाते आणि पायाशी शेळी असे.

मुलास पाठ्यपुस्तकांबाहेरच्या ग्रंथांचे वेड लागले. खिशात पैसे नसले की सुभेदार विवाहित मुलीच्या घरी जात, तिचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकून पुस्तक विकत घेत, आणि पेन्शन हाती येताच दागिना सोडवून परत करीत. पहिल्या तारखेची वाट आम्हीही पाहिली आहे, परंतु लेकीपुढे अशा कारणासाठी हात पसरण्याइतके मोठे आमचे मन झाले नसते, हे कबूल करतो. सरकारने पलटणीचे दार लावून घेतले. सरकारच्याच पेन्शनीच्या जोरावर हा म्हातारा मुलासाठी दुसरे दार ठोठावीत होता.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिल्यामुळे कॉलेज निभावले आणि पदवी हाती आली. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानात नोकरीस गेले. त्यांना तेथील सैन्यात लेफ्टनंटचा हुद्दा मिळाल्याचे चरित्रकार सांगतात. घराण्याचा तुटलेला धागा असा वेगळ्याच ठिकाणी क्षणभर जुळला. परंतु मुलाने बडोद्यास जावे, हे वृद्ध पित्यास पसंत नव्हते. परमुलुखात त्यास अपमान सोसावे लागतील, ही भीती त्यांना होती, आणि ती खोटी ठरली नाही.

थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार बडोद्यास आली. परतताना भीमराव सुरतेस बर्फी घेण्यासाठी उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या गाडीने ते घरी पोचले तेव्हा सुभेदारांचे प्राण डोळ्यांत आले होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरविला आणि काही वेळाने प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३ चा. भीमराव बडोद्याच्या नोकरीवर परत गेले नाहीत. त्याच वर्षी महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.